नाव नक्की कुणाचं

माझी नणंद मडगावला असते. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथंच झालं आणि नंतरच्या तपासणीला मी त्यांना घेऊन गेले होते. डोळ्यांच्या दवाखान्यात बसलेल्यांना ठाऊक असेल, बाहुली मोठी व्हायचे थेंब घालतात आणि मग बराच वेळ नुसतं डोळे मिटून बसवतात. बाकड्यांवर रांगेनं म्हातारी माणसं, सगळ्यांचे डोळे बंद. कुणी माळ ओढतंय, कुणी चक्क घोरतंय. वर पंख्याची कुरकुर, बाहेर पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत सायकलवरून गेला. तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीनं हाक मारली, "फातिमा!" आणि दोन आवाज एकदम आले. एक "हांव", दुसरा "जी". पहिली सत्तरीची, अंगात फुलाफुलांचा फ्रॉक, गळ्यात बारीक साखळीला क्रूस. दुसरी चाळिशीची, काळा बुरखा, तोंड उघडं, काखेत फाईल. काउंटरवरची मुलगी हसायला लागली. "दोगांय फातिमा? आडनांव सांगात." फायली लागल्या. जागेवर परत बसता बसता फ्रॉकवाली म्हणाली, "तें आमच्या सायबिणीचें नांव." सायबीण म्हणजे मेरीमाता. दुसरीनंही तितक्याच सहज सांगितलं, "हमारे नबी की बेटी का नाम है, आंटी." कुणाच्याच आवाजात खोच नव्हती. लगेच दोघी शुगरच्या गोळ्यांवर आल्या.

आईंचे डोळे मिटलेले. त्यांना ना फ्रॉक दिसला होता, ना बुरखा. नुसते आवाज ऐकले होते. मला कोपरानं ढोसून त्यांनी हळूच विचारलं, "मग नाव नक्की कुणाचं गं?"

मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. पण प्रश्न काही डोक्यातून हलेना. आपल्याकडं नावाचा विषय निघाला की पहिला सवाल "अर्थ काय?" हाच असतो. हल्ली तर बारशाच्या आमंत्रणातच कंसात अर्थ छापलेला असतो. पहाटेचं पहिलं किरण, लक्ष्मीचं एक नाव, अमुक नदी, तमुक राग. ज्याचा अर्थ सांगताना आवाज जरासा चढवता येतो, असं नाव हवं असतं. फातिमा हे नाव या परीक्षेत साफ नापास होईल. अरबीत फ-त-म हा धातू तोडण्याचा, तोही विशेषकरून बाळाला दुधापासून तोडण्याचा. फातिमा म्हणजे दूध तोडणारी, किंवा दूध तुटलेली. जिचं पिल्लू दूध सोडायच्या वयाला आलंय अशा उंटिणीलाही अरब लोक याच धातूवरून आलेला शब्द वापरत. आता आमंत्रणपत्रिकेवर कंसात "दूध तुटलेली" असं कोण छापेल?

पण ज्यांनी घरात बाळाला अंगावरून तोडलेलं पाहिलंय, त्यांना हा अर्थ इतका कोरडा वाटायचा नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या लेकाचं दूध तोडलं तेव्हा मी माहेरी होते. आईनं कडुनिंबाचा पाला पाट्यावर वाटून हिरवागार गोळा वाटीत काढून ठेवला होता. तो लेप लावला की पोरगं तोंड लावतं, थू थू करतं आणि विश्वासघात झाल्यासारखं आईच्या तोंडाकडं बघत राहतं. पहिल्या रात्री त्यानं सगळी आळी जागी ठेवली. त्याला आमच्या वडिलांनी खांद्यावर टाकून अंगणात फिरवलं. आत बहीण दगडासारखी भरलेली छाती घेऊन भिंतीला टेकून बसलेली, आईनं तिच्या छातीवर मोगऱ्याची फुलं बांधली होती, दूध ओसरावं म्हणून. त्या खोलीत मोगऱ्याचा, कडुनिंबाचा आणि नासलेल्या दुधाचा असा एक मिसळलेला वास होता. पोराला निदान रडता तरी येत होतं. बहीण नुसती म्हणत होती, "एकदाच घेऊ दे ना त्याला." आई म्हणाली, "एकदा दिलंस की उद्या पुन्हा पहिल्यापासून."

आणि तरीही दूध तुटणं ही आनंदाचीच गोष्ट. ज्या काळात पाळण्यातली निम्मी मुलं हाताला लागतील की नाही याचीच धास्ती, त्या काळात दूध सोडण्यापर्यंत पोहोचलेलं मूल म्हणजे जगलेलं मूल. कुराणातही आईनं पुरती दोन वर्षं पाजावं असं सांगितलंय. म्हणजे नुकत्या जन्मलेल्या पोरीला "दूध तुटलेली" म्हणणं हा एका परीनं आशीर्वादच झाला, की बाई, तू तो टप्पा गाठशील. आपण नाही का, पाळण्यातल्या पोराला "आयुष्यमान" म्हणून मोकळे होतो. शिया परंपरेत याच धातूवरून आणखी एक उलगडा सांगतात, तो मला सुंदर वाटतो. ती आणि तिच्यावर माया करणारे नरकाच्या आगीपासून तोडलेले आहेत, म्हणून ती फातिमा.

हे सगळं खरं, पण अर्थासाठी हे नाव कुणी ठेवत असेल असं मला वाटत नाही. मक्केत ते आधीपासून चाललेलंच होतं. एक प्रसंग हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या संग्रहांत, येतो. पैगंबरांना कुणीतरी रेशमी कापड भेट दिलं. पुरुषांना रेशीम वर्ज्य. त्यांनी ते अलींना दिलं आणि सांगितलं, फाडून फातिमांना ओढण्या करून दे. अनेकवचन. कोणकोणत्या फातिमा? भाष्यकार निदान तिघी मोजतात. पैगंबरांची लेक, म्हणजे अलींची बायको. अलींची आई, फातिमा बिंत असद. आणि उहुदच्या लढाईत पडलेल्या हमजांची, म्हणजे पैगंबरांच्या काकांची, लेक. एकाच गोतावळ्यात सासू फातिमा, सून फातिमा आणि नात्यातली आणखी एक पोरकी फातिमा. मला हे वाचून आमच्या वाड्यातल्या तीन कुसुम आठवल्या. थोरली कुसुम, गोरी कुसुम आणि बँकेतली कुसुम. हाक एकीला मारली की तिघी ओ देत.

त्या तिघींतली एक मात्र जगाची फातिमा झाली. तिची थोरवी सांगायला अल-जहरा, म्हणजे तेजस्वी, अशी बरीच विशेषणं आहेत, आणि "उम्म अबीहा" हेही एक, बापाची आई झालेली लेक. पण मला तिची जी गोष्ट जवळची वाटते ती जात्याची आहे. दळून दळून तिच्या हाताला घट्टे पडले होते, पखालीनं पाणी वाहून अंगावर वळ उठले होते. बापाकडं युद्धातले कैदी आलेत असं कळलं, म्हणून ती एक कामाला माणूस मागायला गेली. बाप घरी नव्हता. निरोप ठेवून परत आली. रात्री बाप स्वतः आला आणि म्हणाला, त्याहून चांगलं काही सांगतो. झोपताना तेहेतीस वेळा सुब्हानल्लाह म्हण, तेहेतीस वेळा अल्हम्दुलिल्लाह, चौतीस वेळा अल्लाहु अकबर. आजही जगभरची मुसलमान माणसं नमाजानंतर बोटांच्या पेरांवर हे मोजतात. त्याला फातिमेची तस्बीह असंच नाव आहे.

ही गोष्ट मला सांगितली ती माझ्या शाळेतल्या सहकारी बाईंनी. मूळच्या श्रीवर्धनकडच्या, गणित शिकवतात. ऐकून मी जरा हिरमुसलेच. म्हटलं, बाई कामानं मोडलीय, माणूस मागायला आलीय, तिला द्यायचं ते जपायला? त्या म्हणाल्या, "अहो, मशिदीच्या ओट्यावर उपाशी माणसं पडलेली होती. त्यांना सोडून स्वतःच्या लेकीला कसा देणार?" ते पटलंही. आणि नाहीही पटलं. आमच्या आजीला पहाटे दळताना मी पाहिलेलं आहे. तिलाही कुणी माणूस दिलं नाही, तिच्याजवळही ओव्याच होत्या. सीतेचा वनवास, जनाबाईला दळू लागणारा विठ्ठल. विठ्ठल निदान खुंट्याला हात तरी लावतो, असं एक खट्याळ वाक्य माझ्या तोंडावर आलं होतं, ते मी गिळलं. पण मदिनेतलं ते जातं आणि आमच्या माजघरातलं जातं यांची घरघर मला तेव्हापासून वेगळी काढता येत नाही.

बाप गेला ६३२ साली. त्यानंतर काही महिन्यांतच तीही गेली. तिची कबर नेमकी कुठं, यावर आजही एकमत नाही. आणि पुढं तिच्या धाकट्या लेकाचं, हुसेनचं, करबल्यात जे झालं ते आपल्याकडच्या गावांना वेगळं सांगायला नको. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत पाहायला जाणाऱ्यांत मुसलमान किती आणि बाकीचे किती, हे कुणी मोजत नाही. मोहरमात पीर बसतात, काठ्यांवर चांदीचे, पितळेचे पंजे चढतात. त्या पंजाची पाच बोटं म्हणजे पैगंबर, अली, फातिमा, हसन, हुसेन, असं जाणती माणसं सांगतात. लहानपणी आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही मलिदा खायचो, लोभानाचा धूर डोळ्यांत जाऊ द्यायचो आणि सवारी अंगात आलेल्या माणसाला घाबरायचो. तिकडं मोरोक्को, ट्युनिशियात दाराच्या कडीला हाच पंजा लावतात, पोरींच्या गळ्यात घालतात, नजर लागू नये म्हणून. त्याला फातिमेचा हात म्हणतात.

बायकांनी तिला आणखी आत, चुलीपर्यंत नेलं. दख्खनच्या मुसलमान घरांत बीबी फातिमेची सहनक करायची रीत होती. मातीच्या ताटल्यांत भात-बीत वाढून तिच्या नावानं फातिहा द्यायची आणि बायकांनीच जेवायचं. पुरुषानं त्या अन्नाला शिवायचं तर नाहीच, बघायचंही नाही. आणि नवस बोलून गुरुवारी तिची कहाणी ऐकायची, काम झालं की मिठाई वाटायची. गणिताच्या बाईंच्या आजीकडं त्या कहाणीची फाटकी पुस्तिका होती, उशीखाली ठेवलेली. मौलवी येऊन सांगून गेले, की याला धर्मात आधार नाही. आजी हो हो म्हणाली आणि पुस्तिका उशीखालून तांदळाच्या डब्यात गेली. आमच्याकडं श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची कहाणी वाचताना हेच व्हायचं. वडील पेपरामागून नाक मुरडायचे, आई आणखी जोरात वाचायची.

पण आईंचा प्रश्न अर्धाच सुटला होता. फ्रॉकवाल्या फातिमेचं काय?

पोर्तुगालात फातिमा नावाचं एक गाव आहे. त्या गावाची आख्यायिका अशी, की बाराव्या शतकात मूरांशी, म्हणजे तिथल्या मुसलमानांशी, लढाया चालू असताना गोन्सालो एर्मिगेस नावाच्या ख्रिस्ती सरदारानं एक मूर राजकन्या पळवून आणली. तिचं नाव फातिमा. लग्न करायचं तर बाप्तिस्मा हवा. तिला ख्रिस्ती केलं आणि नवीन नाव दिलं, ओरियाना. ती तरुणपणीच वारली, तो मठात गेला आणि तिच्या अस्थी ज्या डोंगरगावात नेल्या त्याला लोक तिच्या जुन्याच नावानं ओळखू लागले. इतिहासाच्या कसोटीवर ही गोष्ट किती टिकेल ते सोडा. पण सांगणाऱ्यांनी ती कशी सांगितली ते पाहा. मुलगी धर्मासकट बदलली, नाव बदललं, आणि जमिनीनं मात्र पहिलं नाव सोडलं नाही.

तिथंच १३ मे १९१७ रोजी मेंढरं राखणाऱ्या तीन मुलांना, लुसिया, फ्रान्सिस्को आणि जासिंता यांना, झुडपावर एक तेजस्वी बाई दिसली असं त्यांनी घरी सांगितलं. ऑक्टोबरपर्यंत दर महिन्याच्या तेरा तारखेला ती येत राहिली, फक्त ऑगस्टात तारीख चुकली, कारण पोरांना अधिकाऱ्यानं उचलून नेलं होतं. शेवटच्या वेळी हजारो माणसं चिखलात उभी होती. फ्रान्सिस्को आणि जासिंता पुढच्या दोन-तीन वर्षांत इन्फ्लुएंझाच्या साथीचे बळी झाले, लुसिया जोगीण होऊन २००५ पर्यंत जगली. मदर मेरी त्या गावाच्या नावानं ओळखली जाऊ लागली आणि पोर्तुगालात, ब्राझीलमध्ये घरोघर मारिया द फातिमा जन्माला यायला लागल्या. गोवा तेव्हा पोर्तुगालचाच. सायबिणीबरोबर ते नाव इथं आलं, चॅपलांना लागलं, शाळांना लागलं, मुलींना लागलं. मडगावात फातिमा कॉन्व्हेंट आहे, इकडं विद्याविहारलाही फातिमा हायस्कूल आहे. आमच्या शेजारच्या मुली तिथं शिकल्या, आणि त्यातल्या एकीच्याही घरी हे नाव अरबी आहे ही गोष्ट कधी निघाली नसणार. तेरा तारखेच्या मिरवणुकीत मेणबत्त्या, पांढरे हातरुमाल हलवत सायबिणीला निरोप, आणि बँडवर थोडंसं रडकं गाणं. नणंदेच्या घराच्या गॅलरीतून हे मी पाहिलंय. खाली उभ्या बायकांचे डोळे खरोखर भरून येतात.

यात एक गंमत आहे आणि ती मला गणिताच्या बाईंनीच दाखवली. कुराणात फातिमेचं नाव कुठंच नाही. सबंध ग्रंथात नावानिशी येते ती एकच बाई, मरियम. तिच्या नावाचा अख्खा अध्याय आहे. म्हणजे मुसलमानांच्या ग्रंथात मेरीचं नाव आणि ख्रिश्चनांच्या मेरीला पैगंबरांच्या लेकीचं नाव. कुणी ठरवून केली नसेल अशी ही अदलाबदल.

सहलीला गेलेलं नाव परत येताना कपडे बदलून आलं, एवढंच मी आईंना रात्री जेवताना सांगितलं. त्यांना थेंबांमुळं अजून सगळं धूसर दिसत होतं, ताटातलं लोणचं चाचपून घेत होत्या. म्हणाल्या, "बाईच्या जातीला काय, नाव बदललं की गाव नवीन." मग थोड्या वेळानं, "मी कोण होते, ठाऊक आहे ना?" ठाऊक होतं. माहेरची द्वारका. लग्नात ताटात तांदूळ पसरून सासऱ्यांनी अंगठीनं "सुमती" लिहिलं, आणि द्वारका त्या तांदळाबरोबर डब्यात गेली. पेन्शनच्या कागदावर सुमती, बिलावर सुमती. त्यांचा भाऊ होता तोवर फोनवर "द्वारके" अशी हाक यायची आणि आई फोन घेऊन आतल्या खोलीत जायच्या, दार ओढून घ्यायच्या. भाऊ गेल्याला बरीच वर्षं झाली. आता त्या नावानं त्यांना कुणी हाक मारत नाही. माझंही नाव लग्नात बदलायचा घाट घातला होता. त्यांनीच तो मोडून काढला होता, "राहू दे, मला हाक मारायला सोपं आहे," एवढंच कारण देऊन.

मुलगीच नको म्हणून तसं नाव ठेवणारी माणसंही आपल्याकडं आहेत, तेही सांगायला हवं. सातारा जिल्ह्यात २०११ साली २८५ मुलींची "नकुशी" ही नावं समारंभ करून बदलली होती. तिथं अर्थ शोधायला कोश लागत नव्हता.

फातिमेचा प्रवास मात्र लाडाकोडाचाच जास्त. इराणात फातेमेह वर्षानुवर्षं सर्वांत वर, आणि तिचा जन्मदिवस तिथं मातृदिन म्हणून साजरा होतो. पश्चिम आफ्रिकेत ती फातुमाता होते, आणि लाडानं फातू. मोरोक्कोत फातिमा-जहरा असं जोडनाव. इजिप्तमध्ये घरच्या हाकेला बत्ता, म्हणजे बदक! तुर्कस्तानात फातमा आणि आयशे ही इतकी जणींची नावं, की आपण जसं "सोम्या-गोम्या" म्हणतो तसं तिकडं अली, वेली, आयशे, फातमा म्हणतात. काळ्या समुद्राकडच्या विनोदांत तेमेल नावाच्या भाबड्या माणसाची बायको असते फादिमे. तीही हीच. पन्नास लिराच्या नोटेवर कादंबरीकार फातमा आलिये. पण तिथल्या नव्या मुलींत आता झेयनेपची चलती आहे. फातमा म्हटलं की डोक्याला फडकं बांधलेली, गुडघे धरून उठणारी कुणाची तरी आजी डोळ्यांपुढं येते. आपल्याकडं पाळण्यात द्वारका कुठं दिसते?

काही ठिकाणी नावाचे हालही झाले. फ्रेंचांच्या अल्जिरियात घरकामाला येणारी कुठलीही स्थानिक बाई म्हणजे "फातमा". तिचं खरं नाव खदीजा असो की यामिना, मालकीणबाईला विचारायची गरज पडायची नाही. "आमची फातमा आज आली नाही." आपणही "बाई आली नाही" म्हणतोच. पण निदान कुणाच्या नबीच्या लेकीचं नाव घेऊन म्हणत नाही.

आणि इथं, आपल्याजवळ? सावित्रीबाई १८५६ साली आजारपणात माहेरी नायगावला होत्या. तिथून ऑक्टोबरात जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात एक काळजी येते, की आपल्या मागं फातिमेला कामाचा त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणारी नाही. त्या फातिमेबद्दल कागदोपत्री इतकं कमी हाताशी आहे, की तिच्यावरून आज तावातावानं भांडणं होतात. मला मात्र त्या ओळीतला "कुरकुर" पुरतो. जिच्याबरोबर रोज काम केलंय, तिच्याबद्दलच असं लिहिता येतं. मुंबईत १९२३ साली अब्दुल रहमान स्ट्रीटवर एका तरुण बाईनं दातांचा दवाखाना उघडला, ती फातिमा जिना. पुढं पाकिस्तानात तिला मादर-ए-मिल्लत, राष्ट्राची आई म्हणाले, आणि १९६५ च्या निवडणुकीत लष्करशहासमोर ती उभीही राहिली. स्वतःचं मूलबाळ नसलेल्या, भावाचा संसार सांभाळलेल्या बाईला आईपण चिकटवायचं, हे "बापाची आई" म्हणण्याच्या चालीवरच झालं. आपल्या सर्वोच्च न्यायालयात पहिली बाई न्यायाधीश बसली १९८९ मध्ये, त्या केरळच्या फातिमा बीवी. नर्गिसचं घरचं नावही फातिमाच. भेंडी बाजारात बोहऱ्यांच्या दुकानांवर, दवाखान्यांवर "फातेमा" अशी थोडी लांबवलेली पाटी दिसते. त्यांच्या धर्मपरंपरेची मुळं जातात ती कैरो वसवणाऱ्या फातिमी खलिफांपर्यंत, ज्या घराण्यानं बापाचं नाही, आजीच्या आजीचं नाव लावलं. मध्ययुगातल्या राजघराण्यांत असं दुसरं चटकन आठवत नाही.

गणिताच्या बाईंना गेल्या पावसाळ्यात नात झाली. सातव्या दिवशी अकीका. जावळ काढलं आणि ते चांदीच्या भारानं तोलून दान करायचं. ही रीतही फातिमेकडूनच आलेली सांगतात, तिनं आपल्या मुलांचं जावळ तोलून तेवढी चांदी वाटली होती. मी बाईंबरोबर सोनाराकडं गेले होते. जावळ रुमालाच्या घडीत होतं, मांजराच्या पिलाच्या लवेसारखं मऊ, थोडंसं तेलकट. सोनारानं पंखा बंद केला, नाहीतर उडालं असतं. काचेच्या पेटीतल्या इलेक्ट्रिक काट्यावर ठेवलं तर आकडा शून्यावरून हलायलाच तयार नाही. त्यानं चिमट्यानं पुन्हा नीट गोळा करून ठेवलं, तेव्हा कुठं दशांशानंतरचा आकडा लुकलुकला. "ताई, एवढ्या चांदीचे तुम्ही काय देणार?" बाई म्हणाल्या, "एक ग्रॅम धरा." सोनारानं पैसे घ्यायचे नाकारले, बाईंनी ते मानलं नाही. दानाचे पैसे कसे फुकट असतील?

अकीक्याला नाव जाहीर व्हायचं होतं, ते झालं नाही. बाईंच्या मनात आजीचं नाव, फातिमा. तीच ती, तांदळाच्या डब्यात कहाणी लपवणारी. सुनेला इनाया हवं, तिच्या मोबाइलमध्ये यादीच होती: इनाया, आयरा, जोया, मायरा. मुलगा दोघींच्या मधे. त्याचं म्हणणं वेगळंच होतं आणि ते त्यानं एकदाच, आवाज खाली आणून सांगितलं. "अम्मी, उद्या तिला पुण्यात भाड्यानं घर बघायचंय. फोनवर नाव सांगितलं की पुढचं वाक्य काय येतं, मला माहितीय. इनाया म्हटलं तर निदान घर बघायला तरी बोलावतील." बाई काही बोलल्या नाहीत. गणित शिकवणाऱ्या बाईला हे गणित कळत नव्हतं असं नाही. त्यांना फक्त ते सोडवायचं नव्हतं. सून मला स्वयंपाकघरात म्हणाली, "काकू, मला नाव आवडत नाही असं नाही हो. जुनं वाटतं एवढंच. माझ्या वर्गात तीन फातिमा होत्या." तिचं खरं होतं, मुलाचंही खरं होतं. बाईंनी तर अजून शस्त्र खाली ठेवलेलं नाही.

जन्माच्या दाखल्यावर नावाचा रकाना तूर्त मोकळा आहे. बाईंनी चौकशी करून ठेवलीय, वर्षभर नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. "म्हणजे दहावीच्या फॉर्मापर्यंत वेळ आहे," त्या मला म्हणाल्या. तोवर सून पोरीला इनू म्हणते, मुलगा बेटा म्हणतो, आणि बाई दुपारी तिला पायांवर घालून तेल लावताना मोठ्यानं, शेजारच्या फ्लॅटपर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारतात: "फातू! ए फातू! पाय मोकळे सोड की गं!" परवा मी तिथं असताना आईंचा फोन आला होता, त्यांनी पलीकडून ऐकलं. "कोण फातू?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिला सांग, नाव लिहायची घाई करू नका, आधी हाक लागू दे." मी फोन स्पीकरवर टाकला. मग दोघी म्हाताऱ्या, एकमेकींना कधी न भेटलेल्या, जावळ पुन्हा दाट यावं म्हणून खोबरेल बरं की बदामाचं, यावर बराच वेळ वाद घालत बसल्या.